भाकीत : एका भूतकाळाची गोष्ट

मंडळी, आजचा विषय एक लॅटिन विशेषण आहे. घाबरू नका, परीक्षा नाही. चार-पाच परिच्छेद दम धरा, मग आपण कर्जतला उतरणार आहोत आणि तिथून खालापुरात जाणार आहोत. का, ते कळेलच.

शब्द आहे फातिदिकुस. अर्थ "भविष्य सांगणारा". बाई असेल तर फातिदिका, नपुंसकलिंगी काही असेल तर फातिदिकुम. तीन लिंगं म्हटल्यावर हिंदीवाले कपाळाला हात लावतात, पण आपल्याला त्यात काही नवल नाही. चांगला-चांगली-चांगलं आपण रोजच करतो. फक्त लॅटिन विशेषण लिंगाबरोबर वचनाला आणि विभक्तीलाही तंतोतंत जुळवून घेतं. तीन लिंगं, दोन वचनं, सहा विभक्त्या म्हणजे टेबलात ३६ घरं. ती भरायला लिहिताना प्रत्यक्षात १३ वेगळी रूपं पुरतात. (डेटाबेसवाल्यांनो, नॉर्मलायझेशन रोमन लोकांनाही जमलं नव्हतं.)

हा शब्द जोड आहे : फातुम आणि दिक. दिक म्हणजे सांगणं. आणि फातुम म्हणजे नियती, इंग्रजीतलं फेट. इथपर्यंत ठीक. पण फातुम मुळात काय आहे? "फारी" म्हणजे बोलणे या क्रियापदाचं ते भूतकाळवाचक धातुसाधित आहे. म्हणजे शब्दशः अर्थ : "बोललं गेलेलं". रोमन माणसाच्या भाषेत नियती ही पुढे उभी असलेली गोष्ट नव्हतीच. ती आधीच कोणीतरी बोलून बसलेली गोष्ट होती. आता फक्त व्हायची बाकी होती.

रोमन लोक या शब्दाचा वापर दोन्ही प्रकारे करत, श्रद्धेनं आणि खवचटपणे. व्हर्जिलच्या महाकाव्यात रोम वसण्याआधीच रोमचं भविष्य गाणारी कार्मेंतिस फातिदिका आहे. सिसेरोच्या देवांच्या स्वरूपावरच्या संवादात एक पात्र स्टोइक पंथाच्या "दैवी योजने"ची टर उडवताना तिला "भविष्य सांगणारी म्हातारी" म्हणतं, आणि विशेषण हेच. व्हर्जिलची गंमत अशी की तो लिहीत होता तेव्हा रोम वसून सातशेहून जास्त वर्षं झाली असं रोमन लोकच मानत होते. कार्मेंतिसबाईंचं भविष्य चुकण्याचा प्रश्नच नव्हता. उत्तरपत्रिका आधी, प्रश्नपत्रिका नंतर!

आता मराठीत या. आपल्याकडे याला शब्द आहे भाकीत. भाकणे म्हणजे बोलणे. करुणा भाकणे, भाक देणे, भाकणूक, सगळे एकाच घरातले. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत दर वर्षी पावसापाण्याची आणि राजकारणाची भाकणूक होते, ती पेपरात तुम्ही वाचली असेल. त्या भाकण्याला कथित, लिखित, भाषित यांच्यातला -इत लागला की भाकीत. म्हणजे "बोललं गेलेलं". म्हणजे फातुम! मुंबईहून रोमला न जाता आपण त्याच स्टेशनवर उतरलो.

हे नुसतं योगायोगाचं साम्य म्हणून सोडून देता आलं असतं, पण अजून एक धागा आहे. लॅटिन फारीचं मूळ आणि संस्कृत भण् धातूचं मूळ एकच मानलं जातं. ग्रीकमध्ये त्याच मुळापासून "फेमी" म्हणजे मी बोलतो, आणि त्यावरून प्रॉफेट, म्हणजे "समोर येऊन बोलणारा". आणि त्या भण् धातूचा मराठीतला वारस कोण? म्हणणे. तुम्ही "मी काय म्हणतो..." अशी सुरुवात करता तेव्हा वापरत असलेला शब्द हा प्रॉफेट आणि फेट यांचा चुलतभाऊ असतो. मिटिंगमध्ये जपून वापरा.

असो. आता कर्जत.

कर्जत स्टेशनातून बाहेर पडून राजमाचीच्या बाजूला निघालं की कोंढाणे गावाच्या वर जंगलात लेणी आहेत. ट्रेकवाल्या मंडळींना ठाऊक असतील; राजमाचीला खालून चढणारे तिथेच डबे उघडतात. साधारण इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातली बौद्ध लेणी. चैत्यगृहाची दर्शनी कमान लाकडी कामाची नक्कल करते, आणि तिच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत प्राकृतातली एक छोटी ओळ कोरलेली आहे. मतलब एवढाच : कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, बलक यानं हे केलं. शेवटचा शब्द "कतं". संस्कृत कृतम्, मराठी केलं. पुन्हा भूतकाळवाचक धातुसाधित. ना आशीर्वाद, ना शाप, ना चंद्रसूर्य असेतो वगैरे. कमिट मेसेज असावा तर असा. कोणी केलं, कोणाचा माणूस, काम झालं.

हा काळ सातवाहनांच्या आसपासचा. आता त्याच सातवाहनांची वंशावळ कुठून मिळते पाहा. नाशिक, नाणेघाट, कार्ले इथले शिलालेख आणि नाणी आहेतच, पण राजांची सलग यादी, कोणामागून कोण आणि किती वर्षं, ही येते पुराणांतून. मत्स्य, वायू, ब्रह्मांड वगैरे. तिथे त्यांना आंध्र म्हटलंय. एफ. ई. पार्जिटर या इंग्रज अभ्यासकानं १९१३ मध्ये या सगळ्या पोथ्यांमधले कलियुगातल्या राजांचे पाठ एकत्र करून छापले, आणि ते वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते : सगळं भविष्यकाळात आहे! अमुक राजा होईल, तेवढी वर्षं राज्य भोगील, त्याच्या मागून त्याचा भाऊ होईल.

कारण सोपं आहे. पुराण सांगणारा सूत किंवा ऋषी हा फार पूर्वीच्या काळात बसलेला आहे. त्याच्या दृष्टीनं सातवाहन अजून व्हायचेत. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र ते होऊन गेलेत. मग घडलेला इतिहास घ्यायचा आणि क्रियापदांना भविष्यकाळाचे प्रत्यय लावायचे. कार्मेंतिसची युक्ती, आपल्याकडची आवृत्ती. त्यात सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण येतो. नाशिकच्या एका लेण्यात सातवाहन कुळातल्या कण्ह राजाचं नाव मिळालं, तेव्हा पुराणातला "होईल" हा खरोखर होऊन गेला होता याला दगडी पुरावा मिळाला. (कोंढाण्याच्या ओळीतला कण्ह हा तोच राजा असं मात्र समजू नका. कण्ह हे नाव तेव्हा आजच्या प्रसादइतकं तरी प्रचलित असावं. इथे तो बलकाचा गुरू आहे, बस.)

मला यात फसवणूक दिसत नाही. आपल्याला वाटतं की काळ म्हणजे क्रियापदाला लावलेला टाइमस्टॅम्प. जुन्या लोकांसाठी तो बोलणारा कुठे बसलाय याची खूण होता. बलक दगडाजवळ उभा आहे, म्हणून "कतं". सूत कथेत बसलाय, म्हणून "होईल". घटना एकाच काळातल्या.

आता खालापूर. कर्जत-खोपोली रस्त्यानं जाताना हायवेजवळ महड लागतं, अष्टविनायकातला वरदविनायक. (रायगडमधला महाड तालुका वेगळा, तो पार दक्षिणेला, तोही पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.) मूर्ती १६९० मध्ये तळ्यात सापडली आणि सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ मध्ये देऊळ बांधलं असं सांगतात. पण या क्षेत्राची कथा त्याहून फार जुन्या काळात बसवलेली आहे आणि ती चक्क भाकितांच्या भांडणाची कथा आहे.

गृत्समद हा ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाशी जोडलेला ऋषी. कथेत भर सभेत त्याच्या जन्मावरून त्याचा अपमान होतो : तू ऋषीचा मुलगाच नव्हेस. तो घरी येऊन आई मुकुंदेला विचारतो, खरं कळतं, आणि संतापून शाप देतो की तू काटेरी बोर होशील. आईही काही कमी नाही. तुझ्या पोटी भयंकर राक्षस जन्मेल, ती म्हणते. दोन वाक्यं, दोन्ही भविष्यकाळी, दोन्ही खरी ठरणारी. आणि मग आकाशवाणी होते. आता तुम्ही म्हणाल, आकाशवाणी म्हणजे पुढे काय होणार ते सांगणारी. छे! ही आकाशवाणी सांगते की गृत्समद हा इंद्राचा पुत्र आहे. म्हणजे मागचं सांगते. गृत्समद लाजून रानात तपाला बसतो, गणपती प्रसन्न होतो, ते रान म्हणजे हे महड.

या कथेत मला नेहमी आवडत आलेली गोष्ट अशी की भविष्य माणसं बोलतात आणि भूतकाळ आकाश सांगतं. रागावलेल्या माणसाला पुढचं फार स्पष्ट दिसतं. मागचं कळायला मात्र वरून आवाज यावा लागतो. पुढे १९३० च्या दशकात म्हैसूरच्या एका खाजगी रेडिओ केंद्रानं आकाशवाणी हे नाव घेतलं, नंतर ऑल इंडिया रेडिओनं ते उचललं, आणि मग हाच आवाज संध्याकाळच्या बातम्यांनंतर "कोकणात बहुतांश ठिकाणी" म्हणू लागला. फातिदिका सरकारी नोकरीत लागली!

हा पट्टा भाताचा आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेली वाणं "कर्जत" याच नावानं, पुढे आकडा लावून, कोकणभर लावली जातात. भातवाल्याला नियतीबियती नको असते, त्याला एकच भविष्य हवं असतं : पाऊस कधी आणि किती. त्यामुळे पावसाच्या भाकिताची साधनंही इथे भरपूर.

पहिलं साधन पक्षी. मे महिन्याच्या शेवटी झाडीतून "पेरते व्हा, पेरते व्हा" असं ओरडणारा पावशा. शहरात वाढलेल्यांनीही हा आवाज ऐकलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. शास्त्रीय नावात त्याला लॅटिन विशेषण मिळालंय "वारिउस", म्हणजे विविधरंगी, पट्ट्याठिपक्यांचा. पुल्लिंगी नामाशी व्यवस्थित जुळवून घेतलेलं पुल्लिंगी रूप. ज्यानं नाव दिलं त्यानं पिसं पाहिली. इथल्या शेतकऱ्यानं आवाज ऐकला आणि त्याचं भाषांतर थेट आज्ञार्थात केलं. फातिदिकुस हे विशेषण या पाखराला जास्त शोभलं असतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरं साधन पंचांग. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रं, आणि प्रत्येकाला एक वाहन. आजोबांच्या कॅलेंडरवर तुम्ही "वाहन म्हैस" वाचलं असेल आणि हसला असाल. पण त्यामागे शुद्ध अल्गोरिदम आहे. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो तेव्हा सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी पाहायची. १ घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, आणि ० उरलं तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा म्हणजे हात आखडता. घोडा म्हणजे डोंगरावर पाऊस. मॉड्युलो नऊ! एका ओळीचं फंक्शन आहे, लिहून बघा. मात्र लिहिताना लक्षात येईल की फंक्शनला एकच इनपुट लागतं, वेळ. जागा कुठे विचारलेलीच नाही. खोपोलीला म्हैस तर सांगोल्यालाही म्हैसच.

तिसरं साधन खुद्द भाषा, आणि इथे व्याकरणाची खरी मजा आहे. पाणिनीकडे भविष्यकाळ दोन आहेत. एक सर्वसाधारण, आणि दुसरा "अनद्यतन", म्हणजे आज नव्हे, उद्यापासून पुढचं. म्हणजे फोरकास्टची मुदत प्रत्ययातच. त्याहून भारी एक सूत्र आहे : आशा-अपेक्षा व्यक्त करायची असेल तर पुढच्या गोष्टीला भूतकाळही चालतो. याच भागावर लिहिताना पतंजलीनं उदाहरण घेतलंय ते पाऊस आणि साळीचं. पाऊस झाला की साळी पिकल्याच, अशा अर्थाचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैयाकरणाला भाताचंच खाचर आठवावं!

आपण आजही हेच करतो. दारात चप्पल शोधत असलेला माणूस फोनवर म्हणतो "आलोच". मराठीतला हा सगळ्यात धाडसी भूतकाळ. आमच्या धंद्यात "झालं समजा" हे वाक्य रिलीजच्या आदल्या रात्री किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही.

आणि मराठीचा खुद्द भविष्यकाळ कसा बनला माहितीये? संस्कृतातला तो -ष्य- आपण केव्हाच टाकून दिला. जुन्या मराठीतलं वर्तमानकाळाचं रूप होतं "येई", "करी". त्याला ल लावला : येईल, करील. मग ते जुनं "येई" स्वतः घसरत घसरत भूतकाळात गेलं. शाळेत त्याला रीती भूतकाळ म्हणायला शिकवलं होतं, आठवा. "पाऊस वेळेवर येई" म्हणजे पूर्वी यायचा. "पाऊस वेळेवर येईल" म्हणजे पुढे. मध्ये फक्त एक ल. शेतकऱ्याचा सगळा हवामानाचा अभ्यास या एका अक्षरात आहे : येई, म्हणून येईल.

हवामान खात्यानं मात्र हा ल टाकून दिला. त्यांचं वाक्य बघा : "मुसळधार पाऊस पडण्याची शक्यता आहे." यात भविष्यकाळ कुठेच नाही. पडण्याची हे धातुसाधित, आणि मुख्य क्रियापद "आहे", चक्क वर्तमानकाळ. ही शक्यता आत्ता, या क्षणी अस्तित्वात आहे, एवढंच ते म्हणतात. आपण यावर विनोद करतो, पण व्याकरणाच्या दृष्टीनं इतकं प्रामाणिक भाकीत याआधी कोणी केलेलं नाही. आणि शब्दांना मोजमापही आहे. मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, अति मुसळधार ११५.६ पासून, आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. नक्षत्राच्या वाहनात नसलेली जागा इथे आली. पण ही जागा म्हणजे जिल्हा, फार तर घाटमाथा. पाऊस जिल्ह्यावर पडतो. दरड वाडीवर पडते.

१९ जुलै २०२३ रोजी, पंचांगाच्या हिशोबानं पुनर्वसू नक्षत्र संपता संपता, रायगड जिल्ह्याला अतिवृष्टीचे इशारे होते. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर डोंगर खाली आला. ठाकर समाजाची वाडी, सव्वादोनशेच्या आसपास वस्ती, वर जायला गाडीरस्ता नाही. बचावपथकं चिखलातून पायी चढली, मशीन वर नेताच येईना, लोकांनी हातांनी माती उपसली. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

दरड कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी सरकारनं विधिमंडळात सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

या "दरडप्रवण" शब्दापाशी मी पुष्कळ वेळ घालवलाय. विशेषण आहे, संस्कृत घडणीचं, अविकारी. दरडप्रवण गाव, दरडप्रवण वाडी, दरडप्रवण डोंगर. लिंग बदला, वचन बदला, ते जागचं हलत नाही. आणि ते भविष्य सांगतं. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात (हाच तो दुसरा) जुई, दासगाव आणि आसपासची गावं गाडली गेली, ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ ला पुन्हा महाड तालुक्यातलं तळिये. त्यानंतर दर वेळी सर्वेक्षणं झाली, भूवैज्ञानिकांनी उतार, मातीचा थर, खडकाच्या भेगा, पाण्याच्या वाटा पाहिल्या, आणि काही गावांच्या नावाआधी हे विशेषण बसलं. ज्याच्या नावाआधी बसलं त्या गावाला पावसाळ्याआधी नोटीस जाते, स्थलांतराची जागा बघून ठेवली जाते. नाही बसलं तर नाही. आपल्या काळातलं फातिदिकुस हेच. त्याची ३६ रूपं होत नाहीत. एकच रूप, आणि ते कोणत्या नामाला लागलंय एवढाच प्रश्न.

यात भूवैज्ञानिकांना खलनायक करण्यात अर्थ नाही. सह्याद्रीत कोकणाच्या बाजूला अशा वाड्या डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर आहेत, आणि बेसाल्टवरची माती नेमकी कुठे आणि कधी सुटेल हे तारखेनिशी सांगणारं शास्त्र अजून झालेलं नाही. पण यादी ही यादी असते. ज्यांनी कधी डेटा सांभाळलाय त्यांना माहिती आहे, रेकॉर्ड नसणं आणि व्हॅल्यू "नाही" असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी वाचणारा मात्र दोन्ही एकच समजतो.

मराठी व्याकरणात विशेषणाच्या दोन जागा सांगितल्यात. नामाच्या आधी आलं तर अधिविशेषण : "दरडप्रवण वाडी". नामाच्या नंतर, क्रियापदाबरोबर आलं तर विधिविशेषण : "वाडी दरडप्रवण होती". इर्शाळवाडीला हे विशेषण मिळालं ते दुसऱ्या जागी, "होती"सकट.

वाचलेल्या कुटुंबांना आधी चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवलं, मग त्यांच्यासाठी खाली सपाटीला, रस्त्याच्या कडेला पक्की घरं बांधायला घेतली. कर्जतकडून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीतून चौकच्या आसपास खिडकीबाहेर पाहिलंत तर इर्शाळचं ते नेढं असलेलं टोक दिसतं. वाडी त्याच्या पायथ्याशी होती.